निरगाठ

त्याचं खरं नाव गावात फारसं कुणी घेत नसे. सगळे त्याला निरगाठ म्हणत. त्यानं बांधलेली गाठ तुटेल पण सुटणार नाही, असा त्याचा लौकिक होता. पोरवयात पडलेलं हे नाव पन्नाशी उलटल्यावरही तो पदवीसारखं मिरवायचा. बाकी मिरवण्याजोगं त्याच्याकडे होतं काय? बापाच्या माघारी दोघा भावांत मिळून एक होडी, तिच्यावर खोकत चालणारं इंजिन, आणि भिंतीला भिंत लागून दोन घरं. इंजिन आणि सुकाणू धाकट्याकडे, दोऱ्या, गळ आणि गाठी थोरल्याकडे. ही वाटणी बापानंच करून दिली होती आणि तिच्यावरून दोघांत कधी शब्दाला शब्द लागला नव्हता. मुळात दोघं बोलायचेच बेताचं. धाकटा थोरल्यापुढे मान वर करून बोलला, असं शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

मागच्या हंगामाच्या अखेरीला मासा ओढताना दोरीचा वेढा निरगाठीच्या उजव्या हातावर पडला. बोटं तुटली नाहीत, एवढंच नशीब. सूज उतरली, कातडी धरली, पण दोन बोटं अर्धवट वाकलेलीच राहिली आणि अंगठ्यातला जोर गेला तो गेलाच. कुणी विचारलं की तो म्हणायचा, "काही नाही रे, थोडं अवघडतं." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्याची मूठ झाकतच नव्हती, म्हणून तो हात खिशात घालून फिरायचा.

या हंगामात किनाऱ्याजवळचा मासा जवळजवळ संपलाच होता. जाळी ओढून ओढून माणसांच्या पाठी मोडत आणि टोपलीच्या तळाला बोटभर मासळी पडे. आता आशा होती ती काळपाठ्यांची. हे मोठे, काळ्या पाठीचे मासे उन्हाळ्यात थोडे दिवस खोल पाण्याच्या कडेनं जात. त्यांच्यासाठी जाळं चालत नाही. चालत्या होडीच्या मागे लांब दोरी सोडायची, दोरीच्या पुढे काही हात नायलॉनची जाड तंगूस, सायकलच्या आऱ्याएवढी, आणि तंगुसाच्या टोकाला गळ लावलेला लाकडी खोटा मासा. काळपाठा तुटून पडतो तो त्या खोट्या माशावर. माणसाच्या वजनाच्या माशाचा सगळा हिसका येतो त्या शेवटच्या एका गाठीवर.

धाकट्याच्या मेहुण्यानं शहराकडच्या बर्फाच्या कारखान्यात त्याच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. धाकट्याची बायको पोटुशी होती. "हा हंगाम बघू," धाकटा म्हणाला. "काळपाठे लागले तर कशाला जायचं दुसऱ्याच्या दारात? होडी आहे, दादा आहे."

निरगाठीनं नुसती मान हलवली. धाकटा गेला तर होडी वाळूवर पडणार, हे सांगायला कुणी लागत नव्हतं. एकट्याचं ते काम नव्हे, आणि त्याच्यासारख्या एकट्याचं तर नव्हेच.

पहिल्या दिवशी दोघं फटफटायच्या आत निघाले. समुद्र तेलासारखा शांत होता. खोल पाण्याचा गडद पट्टा लागला तसा धाकट्यानं वेग कमी केला आणि निरगाठीनं दोरी सोडली. गाठ त्यानं आदल्या दिवशी घरीच बांधली होती, आयुष्यभर बांधत आलेली पाच वेढ्यांची. बारीक तंगुसावर ती दातासारखी रुतून बसते. जाड तंगुसाचे वेढे मात्र आपोआप बसत नाहीत. थुंकीनं ओली करून, एक टोक दातांत धरून, मुठीला पीळ घालून ओढावी लागते, वेढ्याला वेढा भिडेपर्यंत. त्यानं ओढली होती. बसली असं त्याला वाटलं होतं, किंवा तसं वाटून घेतलं होतं.

ऊन वर आलं आणि दोरी एकदम ताठ झाली. होडीचा काठ करकरला. निरगाठ दोरीवर झेपावला, धाकट्यानं इंजिन सोडून पाय रोवले, आणि दोघांनी मिळून हातभर ओढली असेल नसेल तोच दोरी मेली. सैल, लिबलिबीत. एवढा वेळ जिवंत असलेली वस्तू हातात मरावी तशी.

निरगाठीनं भराभर दोरी आत घेतली. टोक पाण्यातून वर आलं. दातानं कापलेली तंगूस टोकाला सपाट असते, नाहीतर खरवडलेली. ही डुकराच्या शेपटीसारखी गोल गोल वळलेली होती. पाचही वेढ्यांचा वळ तिच्यावर होता. मासा तोडून गेला नव्हता. गाठ सुटली होती.

त्यानं पाठ वळवली, ते वळलेलं टोक तोंडात घातलं आणि दाढेखाली धरून कचकन तोडलं. तुकडा पाण्यात थुंकला.

"दात लागले," तो म्हणाला. "दातेरी मासा असणार."

धाकटा इंजिनापाशी वाकला होता. त्यानं वर बघितलं, क्षणभर भावाकडे बघत राहिला, आणि म्हणाला, "बरं."

दुपारी पुन्हा तेच झालं. पुन्हा निरगाठीनं टोक तोंडात घातलं, आणि पुन्हा दात लागल्याचं सांगितलं.

त्या संध्याकाळी धाकट्यानं घरातून पोलादी तारेचं भेंडोळं काढलं. दातेरी मासा असला तर तंगुसाच्या जागी तार लावायची, ही जुनी रीत. तारेला गाठ लागत नाही, पीळ द्यायचा असतो, आणि तो पक्कडीनं धाकट्यानंच दिला. निरगाठ शेजारी बसून बघत राहिला. दातेरी मासा नाही हे त्याला ठाऊक होतं. काळपाठ्याची नजर घारीची असते, पाण्यात तार चमकली की तो जवळ फिरकत नाही, हेही ठाऊक होतं. पण तार नको म्हणावं तर का नको ते सांगावं लागणार. आणि पुन्हा तंगूस लावली तर पुन्हा गाठ सुटणार.

मग सुरू झाले ते तारेचे दिवस. रोज पहाटे निघायचं, दिवसभर खोट्या माशाला समुद्र दाखवून आणायचं आणि रिकाम्या होडीनं परतायचं. पक्षी घिरट्या घालायचे, खाली पाणी उकळल्यासारखं उसळायचं, काळपाठे होडीच्या दोन्ही अंगांनी डोळ्यांदेखत जायचे, आणि यांची दोरी धुण्याच्या दोरीसारखी नुसती लोंबत राहायची. दुसऱ्यांच्या होड्या मात्र पाण्यात दबून येत होत्या. धक्क्यावर बर्फ फोडल्याचा आवाज दुपारपासून चालायचा. त्या आवाजातून वाट काढत दोघं भाऊ डोकं खाली घालून घरी जायचे.

धक्क्यावर भोंगा म्हणून एक होडीवाला होता. त्याची कुजबुजसुद्धा अर्ध्या गावाला ऐकू जायची, म्हणून भोंगा. चेष्टा केल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे.

"काय निरगाठ," तो माशांच्या राशीवर पाय ठेवून ओरडला, "दोघं भाऊ होडीला आंघोळ घालून आणता का नुसती? मासे घाबरतात का रे तुझ्या तोंडाला?"

लोक हसले. निरगाठही हसला. हसण्यावारी न्यायचं तर हसावंच लागतं.

भोंग्याची नजर होडीतल्या तारेवर गेली. तो धाकट्याला म्हणाला, "अरे, तार कसली लावलीस? तारेला इथे कुत्रंही विचारत नाहीये. दातेरी मासा कुणाला दिसला यंदा?"

"दादानं सांगितलंय," धाकटा म्हणाला.

"दादानं सांगितलं म्हणून..."

"दादानं सांगितलंय," धाकटा पुन्हा तेवढंच म्हणाला आणि दोरी गुंडाळू लागला.

निरगाठीला वाटलं, पायाखालचा दगड निघून जावा.

घरी आल्यावर त्यानं एक खोटा मासा दाराच्या चौकटीतल्या कडीला अडकवला आणि तंगूस घेऊन बसला. पाच वेढे घाल, थुंकी लाव, दातांत धर, ओढ. गाठ दिसायला गाठच दिसायची. दुसऱ्या टोकाला काठीचा पीळ देऊन अंगाचा भार टाकला की सरसर सरकत निघून यायची. हातात वळलेलं शेपूट उरायचं. त्यानं पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. ओठाचा कोपरा तंगुसानं कापला गेला आणि हनुवटीवर रक्ताची रेघ आली.

त्याची बायको चुलीपाशी होती. ती उठून दारात आली. जमिनीवर पडलेली वळलेली टोकं तिनं बघितली, मग नवऱ्याचं तोंड बघितलं. कोळ्याच्या घरात जन्मलेली आणि कोळ्याच्या घरात दिलेली बाई. तिला वेगळं सांगायला नको होतं.

"म्हणजे दात लागलेच नव्हते," ती म्हणाली.

त्यानं हनुवटीवरचं रक्त पुसलं.

"भाऊजींना माहीत आहे?"

"नाही."

"सांगा मग. हात चालत नाही हे सांगायला लाज कसली? हात काय तुम्ही मुद्दाम अडकवून घेतलात?"

"सांगेन."

"कधी? मासे गेल्यावर?"

तिनं त्याच्या हातातून तंगूस काढून घेतली. तिच्या हातांना रोज पाण्याचे हंडे आणि मासळीच्या टोपल्या माहीत होत्या. "दाखवा," ती म्हणाली.

त्यानं आधी पाच वेढ्यांची दाखवली. तिनं ओढली, तिच्याही हातून ती नीट बसेना. तंगूसच तेवढी अडेल. काहीजण तांब्याची बारीक नळी चढवून पक्कडीनं चेपतात, तो विचार त्याच्या मनात आला, पण ते सामान घरात नव्हतं. मग त्यानं जरा थांबून, नाखुशीनंच, फासाची गाठ दाखवली. आधी एक साधी गाठ सैल सोडायची. टोक खोट्या माशाच्या नाकातल्या कडीतून घालून त्याच सैल गाठीतून मागे आणायचं, दोनच वेढे द्यायचे आणि पुन्हा त्याच गाठीतून परत. कडीत लहानसा फास मोकळा राहतो, खोटा मासा त्यात मजेत डुलतो. वेढे दोनच, म्हणून जाड तंगूसही बसते. ही गाठ त्याला आधीपासून येत होती. पण आजवर तो तिला पोरासोरांची गाठ म्हणत आला होता. शिवाय होडीवर ती बांधली असती तर धाकट्यानं विचारलं असतं, दादा, आज ही का?

बायकोनं पदर तळहाताला गुंडाळला, गाठ थुंकीनं ओली केली, एक पाय चौकटीला लावला आणि अंग मागे टाकलं. तंगूस कुरकुरली. वेढे एकात एक गेले, घट्ट, काचेच्या मण्यासारखे. मग दोघांनी मिळून काठीला धरून भार टाकला. दाराची कडी हलली, चौकटीची माती पडली, गाठ जागची ढळली नाही.

खूप दिवसांनी दोघं एकमेकांकडे बघून हसले. "दाराला घेऊन पडाल," शेजारच्या घरातून धाकट्याची बायको ओरडली.

तिनं तीन बांधून दिल्या. सकाळी निघताना पुन्हा म्हणाली, "सांगा हं भाऊजींना."

होडीत बसल्यावर निरगाठ म्हणाला, "तार काढू या आज. दातेरी मासा गेला असेल एव्हाना."

"बरं," धाकटा म्हणाला. त्यानं विचारलं काहीच नाही. पक्कड जणू हाताशीच ठेवली होती, अशा घाईनं त्यानं तार कापली. निरगाठीला ते जरा चमत्कारिक वाटलं. पण आपल्याला कुणी विचारलं नाही याचं सुख इतकं मोठं होतं, की त्यानं पुढचा विचार केला नाही.

त्या दिवशी काळपाठा लागला. दोरी ताठ झाली ती ताठच राहिली. दोघं ओढत होते, मासा ओढत होता. तळहात सोलले, पाठीतून कळा निघाल्या, धाकट्याच्या तोंडाला फेस आला. अखेर पाण्याखाली निळीकाळी पाठ चमकली आणि आकड्यानं धरून दोघांनी तो होडीत घेतला. त्याच्या शेपटीच्या फटक्यानं बादली फुटली. धाकटा लहान पोरासारखा ओरडला, "दादा! बघ दादा!"

निरगाठ बघत होता ती माशाच्या उघड्या घशातली गाठ. तशीच्या तशी होती. बायकोची गाठ.

पण खोटा मासा काळपाठ्याच्या घशात खोल गेला होता आणि तंगूस कल्ल्यांवर घासून खरबरीत झाली होती. ती निकामी झाली. दुसरी सोडली, तिच्यावर आणखी मोठा मासा आला. त्यानं होडीखालून मुसंडी मारली, तंगूस पंख्यात गेली आणि मधोमध कापली गेली. तिसरी थोड्याच वेळात पाण्यातल्या तरंगत्या ओंडक्याला अडकून गेली. बायकोच्या तीनही गाठी संपल्या. आणि भोवती पाणी उकळत होतं. इतके काळपाठे त्या वर्षी एका जागी कुणी पाहिले नसतील. पक्षी होडीवर आदळत होते.

"नवी बांध, दादा," धाकटा म्हणाला आणि सुकाणू धरून, थोरल्याकडे पाठ करून पक्ष्यांकडे बघत बसला.

निरगाठीनं तंगूस कापली. हात ओले, मासळीच्या चिकटीनं बरबटलेले. फासाची गाठ घातली. दोन वेढे घातले. ओली केली. दातांत धरली आणि ओढली. वाकलेल्या बोटांतून तंगूस निसटली. पुन्हा धरली. मनगटाला गुंडाळून, गुडघा काठाला लावून, डोळे मिटून ओढली. दाढेत सणक गेली, डोळ्यांपुढे काजवे चमकले. वेढे जवळ आले, पण एकात एक गेले नाहीत. मध्ये केसाएवढी फट राहिली. त्यानं ती बघितली. धाकट्याला हाक मारावी, ये रे, जरा ओढ, एवढंच म्हणायचं होतं. धाकटा चार हातांवर बसला होता.

त्यानं खोटा मासा पाण्यात सोडला.

सोडल्यासोडल्या हिसका आला. आणि सोडल्यासोडल्या गेला.

टोक वर आलं तेव्हा ते त्यानं तोंडात घातलं, पण दुखऱ्या दाढेखाली तुटेना. चघळत बसला. शेवटी सुरीनं कापलं.

"दात," तो म्हणाला.

"हं," धाकटा म्हणाला. त्यानं होडी वळवली. मासे अजून उसळत होते, दिवस बराच बाकी होता. तो घराकडे निघाला.

त्यानंतर तीनचार वेळा ते गेले. बायकोनं डबाभर गाठी बांधून दिल्या होत्या. पण पाणी थंड, रिकामं, निळं. काळपाठे पुढे निघून गेले होते. एक दिवस धाकटा म्हणाला, "झालं, दादा. होडी वर घेऊ या."

वर घेतलेली होडी पुढच्या हंगामाला खाली येणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. ओंडके टाकून, दोर लावून ते तिला वाळूवर चढवू लागले. निरगाठीची बायकोही आली. धाकटा आणि वहिनी दोराला, निरगाठ मागून खांदा लावून. दोर धरणं त्याला जमत नव्हतं. तिघांची छाती भात्यासारखी चालू होती. होडी कोरड्या वाळूवर आली तशी ती कलंडली आणि तिघंही तिच्या सावलीत बसले.

निरगाठ वाळूकडे बघत म्हणाला, "धाकट्या, तुला एक सांगायचं राहिलं."

"राहू दे, दादा."

"दात लागले नव्हते."

"माहीत आहे."

निरगाठीनं मान वर केली. "कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. तू तोंडात घालायच्या आधी बघितलं मी टोक."

"पहिल्याच दिवशी?" त्याचा आवाज चिरकला. "मग तार का लावलीस? तारेला मासा येत नाही, तुला कळत नव्हतं?"

"तू म्हणालास दात लागले. मग तार नको लावू तर काय करू? तुला खोटं ठरवू?"

"मग... मग गाठ तू बांधायची होतीस!"

"तुझ्या हातातून तंगूस काढून घेऊ?" धाकटा म्हणाला. एवढं मोठं कारण असताना वेगळं काय सांगायचं, असा त्याचा चेहरा होता. "वाट बघितली मी. म्हटलं, दादा सांगेल. त्या दिवशी तर पाठ करून बसलो होतो. म्हटलं, आता हाक मारशील."

निरगाठीला राग आला होता, पण तो कुणावर काढायचा? "थोबाडीत मारायची होतीस माझ्या," तो म्हणाला. त्याची वाकलेली बोटं वाळूत उगाच काहीतरी उकरत होती.

"आपलेच दात, आपलेच ओठ," बायको म्हणाली. "दोघांनी मिळून मान राखलात एकमेकांचा. आता बसा तो चाटत." ती उठली, अंगावरची वाळू झटकली आणि घराकडे गेली. तिच्या मागोमाग उठायचं बळ दोघांतही नव्हतं.

धाकटा बायकोला घेऊन कारखान्यावर गेला. इंजिन गंजू नये म्हणून जाताना त्यानं त्याला तेल लावलं, वर पोतं झाकलं. "येतो, दादा," म्हणाला. "ये," निरगाठ म्हणाला. शेजारच्या घराला कुलूप लागलं. भिंतीपलीकडून येणारे भांड्यांचे, खोकल्याचे, भांडणाचे आवाज बंद झाले, तेव्हा आपलं घर केवढं लहान आहे ते निरगाठीला कळलं. बायको धक्क्यावर मासळी निवडायला जाऊ लागली. त्यालाही तिथे टोपल्या उचलायचं काम मिळालं असतं, पण टोपलीचा कान मुठीत राहत नसे. तो पाणी भरून ठेवायचा, चूल पेटवायचा, आणि दारात बसायचा.

एका संध्याकाळी भोंगा आला. तो येतोय हे गल्लीच्या टोकापासून कळायला हवं होतं, पण त्या दिवशी त्याचा आवाजच नव्हता. दारासमोर येऊन उभा राहिला. हातात पिशवी, पिशवीतून खोट्या माशांची रंगीत तोंडं बाहेर आलेली.

निरगाठ सावरून बसला. आता हा काय बोलणार, ते त्यानं मनातल्या मनात आधीच ऐकून ठेवलं होतं. निरगाठीची सुरगाठ झाली, असं धक्क्यावर कुणीतरी म्हटल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. ते भोंग्याशिवाय दुसऱ्या कुणाचं असणार? त्यानं उत्तरही तयार ठेवलं होतं.

भोंग्यानं घसा खाकरला. "बरे आहात ना?" तो म्हणाला.

जन्मात त्यानं निरगाठीला अहोजाहो केलं नव्हतं.

"आहे."

"धाकटे भेटले होते जायच्या आधी. म्हणाले, जाड तंगुसाच्या गाठी वहिनींच्या हातच्या घ्या, त्या सुटत नाहीत." त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पुढच्या हंगामासाठी बांधून हव्यात. वहिनी आहेत का घरात?"

भोंगा हसला नाही. त्यानं डोळासुद्धा मिचकावला नाही. नजर खाली घालून, चपला काढून, तो परक्याच्या दारात उभं राहावं तसा उभा होता.

"आहे," निरगाठ म्हणाला. "आत आहे."

आणि भोंग्याला वाट मिळावी म्हणून तो उंबऱ्यावरून बाजूला सरकला.